सुवर्णाक्षरी सूत्रे आणि अखंड पोथीचा प्रश्न

इ.स. ११६४ मध्ये ताइरा नो कियोमोरी या जपानी सरदाराने हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरील इत्सुकुशिमा देवस्थानाला ३३ गुंडाळ्यांचा एक संच अर्पण केला. त्यात सद्धर्मपुंडरीक सूत्राचे २८ अध्याय होते, त्याच्या आधी आणि नंतर वाचली जाणारी दोन सूत्रे होती, अमिताभाचे सूत्र आणि प्रज्ञापारमिताहृदय होते. आणि शेवटची गुंडाळी म्हणजे खुद्द कियोमोरीचे संकल्पपत्र होते. या संकल्पपत्रात तो सांगतो की थोरला मुलगा, इतर मुलगे, भाऊ, आश्रित आणि सेवक अशा ३२ जणांनी एकेक अध्याय वाटून घेतला आणि पुण्यात वा सौंदर्यात कुठेही हात आखडता घेतला नाही. ते खरेच आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंवर सोन्याचांदीच्या वर्खाचे कण, चौकोनी कपटे आणि केसासारखे बारीक काप शिंपडलेले आहेत, प्रत्येक अध्यायाच्या आरंभी चित्र आहे, गुंडाळीच्या दांड्यांची टोके स्फटिकाची आहेत आणि हे सारे ठेवण्याच्या धातूच्या पेटीवर ढगांतून फिरणारे नाग कोरलेले आहेत. ‘हेइके नोक्यो’ या नावाने हा संच ओळखला जातो आणि आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

अशा वस्तूकडे पाहताना मराठी वाचकाच्या मनात पहिली शंका येते ती साधेपणाची. ‘देव भावाचा भुकेला’ हे वचन आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शिवाय १९५६ नंतर महाराष्ट्रात जो धम्म लाखो घरांत पोहोचला तो विवेकाचा, शीलाचा आणि समतेचा धम्म आहे. कर्मकांड आणि संपत्तीचे प्रदर्शन यांना त्याने ठामपणे दूर ठेवले. तृष्णेतून मुक्त व्हा असे सांगणाऱ्या बुद्धाचे वचन सोन्याच्या शाईत का लिहावे, आणि लिहिले तर तो धर्म की दरबारी हौस, असा हा प्रश्न आहे. तो झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र त्याचे जे उत्तर सहसा दिले जाते ते मला पटत नाही. ‘मजकूर धर्माचा, सजावट सरदारांची’ अशी वाटणी केली की श्रद्धावंताला मजकूर मिळतो, रसिकाला चित्र मिळते आणि दोघेही समाधानी होतात. पण जी वस्तू ही वाटणी होऊच नये म्हणून घडवली गेली तिचे यात नुकसान होते. हे नुकसान गेली काही शतके प्रत्यक्ष कात्रीने झाले आहे आणि आता ते संग्रहालयाच्या काचेमागे, कात्रीविना, चालू आहे.

आधी सूत्र काय सांगते ते पाहू. कुमारजीवाने ४०६ मध्ये चिनी भाषेत आणलेले सद्धर्मपुंडरीक सूत्र जपानी दरबारात सर्वाधिक वाचले आणि लिहिले गेले. ते स्वीकारावे, वाचावे, मुखोद्गत म्हणावे, समजावून सांगावे आणि लिहून काढावे असे हे सूत्र स्वतःच सांगते. फुले, धूप, छत्र, पताका आणि संगीत यांनी त्याची पूजा करावी, जिथे हे सूत्र असेल तिथे बुद्धाचे संपूर्ण शरीरच आहे असे समजावे, असेही सांगते. ज्याने हे मनापासून मानले त्याच्या दृष्टीने सूत्राची प्रत ही निरोप पोहोचवून बाजूला सारायची चिठ्ठी उरत नाही. ती मूर्तीइतकीच, किंबहुना स्तूपाइतकी पूज्य ठरते. मूर्तीला सोन्याचा मुलामा दिला तर आपण कुणी आश्चर्य करत नाही. मग अक्षरालाच मूर्ती मानणाऱ्यांनी अक्षर सोन्याचे केले तर त्यात विसंगती कुठे आहे? हीच श्रद्धा किती टोकाला जाऊ शकते ते १२ व्या शतकाच्या आसपासच्या काही प्रतींत दिसते. एका प्रकारात प्रत्येक अक्षर कमळाच्या आसनावर बसवलेले आहे. झेनत्सू-जी या मठातील प्रतीत प्रत्येक अक्षरांच्या ओळीशेजारी छोट्या बुद्धांची ओळ आहे, एका अक्षरामागे एक बुद्ध. आणखी एका प्रकारात गडद निळ्या कागदावर सूत्राची अक्षरेच अशी रचली आहेत की त्यांतून अनेक मजल्यांचा स्तूप उभा राहतो. दुरून पाहणाऱ्याला इमारत दिसते, जवळ जाणाऱ्याला पाठ. इथे सजावट कोणती आणि मजकूर कोणता हे सांगणे कुणालाही जमणार नाही.

हा सारा थाट लोकांना दाखवण्यासाठी होता, असाही आक्षेप घेतला जातो. दरबारात दिखावा होताच. १०२१ मध्ये सम्राज्ञी केन्शीच्या परिवारातील स्त्रियांनी सद्धर्मपुंडरीकाचा एकेक अध्याय वाटून घेऊन लिहिला तेव्हा त्या प्रती इतक्या नटलेल्या होत्या की त्या सूत्राच्या न वाटता निवडक कवितांच्या वह्यांसारख्या वाटत होत्या, असे समकालीन दरबाराचे वर्णन करणाऱ्या इतिहासकथेत म्हटले आहे. चढाओढ होती, आवडनिवड होती, कुणाचा कागद अधिक देखणा याची चर्चा होती. पण केन्शीचे वडील फुजिवारा नो मिचिनागा, म्हणजे त्या काळचा जपानमधला सर्वांत सामर्थ्यवान माणूस, यांनी १००७ मध्ये काय केले तेही पाहावे. ते किनपुसेन या पर्वतावर चढून गेले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली १५ गुंडाळ्यांची सूत्रे मुलामा दिलेल्या ब्राँझच्या नळकांड्यात घालून त्यांनी जमिनीत पुरली. निळ्या कागदावर सोन्याने लिहिलेली ती अक्षरे कुणा समकालीन माणसाने पाहावीत असा त्यांचा हेतू नव्हता. सद्धर्माचा ऱ्हास होणारे युग तोंडावर आले आहे अशी त्या काळाची धारणा होती. १०५२ हे त्याचे पहिले वर्ष मानले जाई. भविष्यात येणारा मैत्रेय बुद्ध अवतरेपर्यंत, म्हणजे ५६७ कोटी वर्षे, हे सूत्र टिकावे आणि त्याच्या सभेत ते आपोआप भूमीतून वर यावे, अशी ती प्रार्थना होती. अंधारात, मातीखाली, कुणाच्याही नजरेस न पडणाऱ्या जागी वापरलेल्या सोन्याला दिखावा म्हणता येणार नाही. सोने गंजत नाही, विटत नाही, आणि ज्या वाचकाची वाट पाहायची तो इतक्या दूरच्या काळातला आहे, असा तो विचार आहे.

आता हेइके नोक्योतील एकच गुंडाळी जवळून पाहू, कारण माझे म्हणणे तिच्यात नेमके दिसते. सूत्राचा तेविसावा अध्याय भैषज्यराज बोधिसत्त्वाचा आहे. जी स्त्री हा अध्याय ऐकून त्याप्रमाणे आचरण करील ती आयुष्य संपताच अमिताभ बुद्धाच्या सुखावती नावाच्या आनंदलोकात जाईल, असे त्यात वचन आहे. या अध्यायाच्या आरंभीच्या चित्रात थरावर थर चढवलेला दरबारी पोशाख केलेली, पाठीवर लांब केस सोडलेली एक स्त्री हातात सूत्राची गुंडाळी घेऊन बसलेली आहे. चेहरा, केस, वस्त्रे सगळे क्योतोच्या दरबारातले आहे. सूत्रातल्या त्या अनाम स्त्रीच्या जागी चित्रकाराने आपल्या काळची बाई बसवली आहे. आणि त्या वचनातील काही शब्द चित्रातच, पाणी, गवत आणि खडक यांच्या आकारांत लपवून लिहिले आहेत. पाहणाऱ्याने चित्र पाहता पाहता ती अक्षरे ओळखायची, मग राहिलेले वाक्य पाठांतरातून स्वतः पूर्ण करायचे. ते पूर्ण झाले की चित्रातल्या बाईला दिलेले आश्वासन पाहणारीलाही मिळते. ज्याला सूत्र येत नाही त्याला या चित्रात एक सुंदर बाई दिसेल आणि तो पुढे जाईल. म्हणजे हे चित्र वाचावे लागते, आणि हा पाठ पाहावा लागतो. या दोहोंना वेगळे काढले तर दोन्ही अर्धी राहतात.

बारावा, देवदत्ताचा, अध्यायही असाच आहे. सागराच्या नागराजाची आठ वर्षांची मुलगी बुद्धाला रत्न अर्पण करते आणि क्षणार्धात बुद्धत्वाला पोहोचते, अशी त्यात कथा आहे. हेइके नोक्योतील या गुंडाळीवर ती मुलगी समुद्रातून वर येऊन रत्न पुढे करताना रंगवली आहे, आणि ज्या देवस्थानाला हा संच दिला ते देवस्थान भरतीच्या पाण्यात उभे आहे. दरबारातल्या स्त्रियांना हा अध्याय किती जवळचा वाटत असेल याची कल्पना करता येते. पण त्या मुलीला बुद्ध होण्यापूर्वी पुरुषाचे शरीर धारण करावे लागते हेही त्याच कथेत आहे. तो अवघड भाग चित्रात दिसत नाही. तो मजकुरात आहे. म्हणूनच चित्र पाहून मजकूर सोडणारा माणूस त्या समाजाबद्दल जितके गोड मत घेऊन जातो तितके गोड ते सत्य नाही.

३३ या आकड्याचा उगम पंचविसाव्या अध्यायात आहे. अवलोकितेश्वर, म्हणजे जपानी कान्नोन, ३३ रूपे घेऊन जीवांना तारतो असे तिथे सांगितले आहे, आणि इत्सुकुशिमाची देवता ही कान्नोनचेच प्रकट रूप आहे अशी परंपरा कियोमोरी संकल्पपत्रात नमूद करतो. आग, पूर, दरोडेखोर, बेड्या अशा संकटांत त्याचे नाव घ्यावे, हा या अध्यायाचा गाभा. तो मराठी माणसाला परका नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात दाराशेजारी उभा असलेला भव्य अवलोकितेश्वर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेली आठ संकटे, बुडते जहाज, चालून येणारा हत्ती, तलवार उगारलेला मारेकरी, ही याच श्रद्धेची सहाव्या शतकातील शिल्पे आहेत. कान्हेरीतही असा पट आहे. तिथे आपण शिल्प आणि वचन वेगळे करत नाही. ती संकटे कोणती हे कळल्याशिवाय ते शिल्प समजतच नाही.

इथवर मी सौंदर्याच्या बाजूने बोललो. पण पोथी अखंड पाहायची तर तिच्यात ओतलेले धन आणि श्रमही पाहिले पाहिजेत. त्यांना वगळून केलेले कौतुक मला अप्रामाणिक वाटते. आठव्या शतकात नारा येथे राज्याने चालवलेली सूत्रलेखनाची कार्यालये होती. ७४१ मध्ये सम्राट शोमूने प्रत्येक प्रांतात मठ आणि सात मजली स्तूप उभारण्याची आज्ञा दिली आणि त्या स्तूपांत ठेवण्यासाठी जांभळ्या कागदावर सोन्याने लिहिलेल्या सुवर्णप्रभास सूत्राच्या प्रती तयार करवल्या. अशा कामांमागची माणसे शोसोइन कोठारात जपलेल्या दप्तरांतून आपल्याशी बोलतात. चुकलेल्या अक्षरांसाठी आणि गळालेल्या ओळींसाठी लेखनिकांच्या मजुरीतून पैसे कापले जात. तपासनिसाला चूक सापडली नाही तर कपात त्याच्यावर येई. ७४० च्या आसपासचा एक मसुदा शिल्लक आहे, त्यात लेखनिकांच्या मागण्या आहेत: कामाचे कपडे जुने झाले आहेत आणि धुऊनही त्यांचा वास जात नाही, ते बदलून मिळावेत, महिन्यात सुट्टीचे दिवस मिळावेत, जेवण सुधारावे, दिवसभर मेजाशी बसून छाती दुखते आणि पाय बधिर होतात, म्हणून तीन दिवसांतून एकदा औषधासाठी दारू मिळावी. बुद्धाचे वचन लिहिणाऱ्या हातांचे हे बोलणे आहे. बाराव्या शतकातील सरदारांच्या संचांसाठी असे कागद फारसे उरलेले नाहीत, पण कागद कुटून गुळगुळीत करणारे, नीळ पुन्हा पुन्हा चढवून तो गडद निळा करणारे, सोन्याची पूड सरसात कालवणारे, लिहून झाल्यावर मंद दिसणारी अक्षरे रानडुकराच्या सुळ्याने घोटून चमकवणारे हात तेव्हाही होतेच, आणि संकल्पपत्रांत त्यांची नावे नाहीत.

उत्तरेत हिराइझुमी येथे फुजिवारा नो कियोहिराने चूसोन-जी या मठासाठी समग्र बौद्ध ग्रंथसंग्रह निळ्या कागदावर लिहून घेतला, एक ओळ सोन्याची, दुसरी चांदीची, अशा सुमारे ५,३०० गुंडाळ्या. त्यांपैकी ४,२९६ आज कोया पर्वतावरील कोंगोबु-जी मठात आहेत आणि चूसोन-जीकडे १५ उरल्या आहेत. एवढे सोने त्याच्याकडे आले ते त्याच्या ताब्यातील प्रदेशाच्या नद्यांतून आणि खाणींतून, म्हणजे तिथे राबणाऱ्या माणसांकडून. पण याच माणसाच्या वडिलांचा शिरच्छेद झाला होता, सावत्र भावाने त्याची बायको आणि मुले मारली होती, दोन प्रदीर्घ युद्धांतून तो जिवंत राहिला होता. ११२६ च्या संकल्पपत्रात तो लिहितो की या मठाच्या घंटेचा नाद जिथवर पोहोचेल तिथवर मेलेल्या सर्वांना शांती मिळो, मग ते सरकारी सैन्यातले असोत वा ‘रानटी’ ठरवलेले उत्तरेचे लोक, आणि त्याचबरोबर मारले गेलेले केसाळ, पंखांचे, खवल्यांचे आणि शिंपल्यांतले जीवही. हे वाचल्यावर त्या सोन्याकडे फक्त श्रीमंतीची खूण म्हणून पाहणे मला शक्य होत नाही, आणि फक्त भक्तीची खूण म्हणून पाहणेही नाही. शत्रूच्या मृतांसाठीही प्रार्थना करणारा हा शोक खरा होता, आणि त्याची किंमत चुकवणारे इतर होते, हेही खरे होते.

कियोमोरीच्या बाबतीत हा ताण आणखी तीव्र आहे. इतके देखणे सूत्र अर्पण करणाऱ्या या घराण्याच्या सैन्याने, कियोमोरीचा मुलगा शिगेहिरा याच्या नेतृत्वाखाली, ११८१ च्या आरंभी नारा येथील तोदाइ-जी आणि कोफुकु-जी हे महामठ जाळले. कितीतरी सूत्रे त्या आगीत गेली. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत ताइरा घराणे संपले. भव्य दान हा चारित्र्याचा दाखला नसतो, हे हेइके नोक्यो पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगितले गेले पाहिजे. आणि दान करणारा क्रूर होता म्हणून ते दान खोटे ठरत नाही, हेही सांगितले गेले पाहिजे.

आता कात्रीकडे येतो. जपानमध्ये मध्ययुगाच्या अखेरीपासून जुन्या हस्ताक्षरांचे तुकडे गोळा करण्याची हौस वाढली. चहाच्या विधीत भिंतीवर टांगायला एखादी कविता वा सूत्राच्या चार ओळी लागत. संग्राहकांच्या वह्यांत नामांकित हस्ताक्षरांचे नमुने चिकटवले जात आणि अशा वहीच्या पहिल्या पानावर सम्राट शोमूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठसठशीत अक्षरांच्या सूत्राचा तुकडा असावा असा जणू दंडकच होता. त्या कागदातील कण म्हणजे बुद्धाच्या अस्थींची पूड आहे अशी समजूत होती. परिणाम असा की तुकड्यांची मागणी वाढत गेली आणि गुंडाळ्या कापल्या गेल्या. तोदाइ-जीच्या निगात्सुदो सभागृहातील आठव्या शतकातील अवतंसक सूत्र हे याचे प्रसिद्ध उदाहरण. निळ्या कागदावर चांदीने लिहिलेल्या त्या ६० गुंडाळ्या १६६७ मध्ये वसंतातील विधीच्या वेळी लागलेल्या आगीत सापडल्या. कडा जळाल्या, चांदी मात्र काळवंडली नाही. त्यांचे तुकडे आज जपानच्या आणि अमेरिकेच्या अनेक संग्रहालयांत आहेत. तपकिरी जळकी कड, निळा कागद आणि चकाकणाऱ्या ओळी हे इतके मोहक दिसते की त्या ओळी काय सांगतात हे विचारण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

कापणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. संपूर्ण गुंडाळी एका ठिकाणी असेल तर एका आगीत संपूर्ण जाते; तुकडे अनेक घरांत गेले म्हणून काही ओळी तरी वाचल्या. ज्यांनी ते तुकडे रेशमात मढवून पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांना विध्वंसक म्हणणे अन्यायाचे होईल. पण हा युक्तिवाद भूतकाळाचे स्पष्टीकरण आहे, पुढच्या वागण्याचा आधार नाही. आणि जपून ठेवण्याचा दुसरा मार्गही त्याच देशात होता. १६०२ मध्ये हिरोशिमाचा सरदार फुकुशिमा मासानोरी याने हेइके नोक्योची दुरुस्ती करवली तेव्हा खराब झालेल्या तीन गुंडाळ्यांची आवरणे आणि आरंभचित्रे नव्याने करून बसवली. ती तावाराया सोतात्सूने रंगवली असे मानले जाते. नव्या काळातला एक मोठा चित्रकार जुन्या पोथीचे पान स्वतःच्या हाताने भरून काढतो आणि पोथी अखंड राहते, हे जतनाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

विसाव्या शतकात तर हे दोन्ही मार्ग एकाच माणसाच्या आयुष्यात आले. मासुदा ताकाशी हे मोठे उद्योगपती आणि चहापंथातील अग्रणी. १९१९ मध्ये ३६ कवींची चित्रे असलेला एक अमूल्य, लांब गुंडाळलेला पट विक्रीला आला आणि एकट्याने घेणे कुणालाच परवडेना, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने तो कापून चिठ्ठ्या टाकून वाटला गेला. पुढे तेच मासुदा हेइके नोक्योची हुबेहूब प्रतिकृती करवणाऱ्या आश्रयदात्यांमध्ये होते. तानाका शिनबी यांनी कागद, वर्ख, रंग, धातुकाम सगळ्याचा मागोवा घेत ती १९२५ मध्ये पूर्ण केली. मूळ संचाला प्रकाशापासून जपून लोकांना तो पाहता यावा याची सोय त्यामुळे झाली. पैसा, रसिकता आणि जुन्या वस्तूंवरचे प्रेम दोन्ही वेळी तेवढेच होते; एका वेळी मालकी वाटली गेली, दुसऱ्या वेळी वस्तू अखंड ठेवून तिचे दर्शन वाटले गेले. निवड करता येते, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

जपानच्या १९५० च्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यामुळे राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेल्या गुंडाळ्यांना आता कात्री लागणार नाही आणि त्या कायमच्या देशाबाहेरही जाणार नाहीत. पण जे आधीच तुकडे झाले आहे ते बाजारात आणि संग्रहालयांत आहे, आणि तिथे ते कसे मांडले जाते हा आजचा सार्वजनिक प्रश्न आहे. गुंडाळी संपूर्ण असली तरी पेटीत तिचा हात-दीड हात भागच उघडता येतो, आणि बहुतेक वेळा तो भाग म्हणजे आरंभचित्र असतो. पाटीवर काळ, साहित्य, तंत्र आणि मालकाचे नाव असते; सूत्राचा तो भाग काय सांगतो हे क्वचित असते, संकल्प काय होता हे त्याहून क्वचित. संग्रहालयांची अडचण मी समजतो. नीळ आणि रंग प्रकाशाने फिके पडतात, जागा थोडी असते, आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना चिनी लिपी वाचता येत नाही. परंतु वाचता येत नाही हे मजकूर न सांगण्याचे कारण कसे होऊ शकते? उलट, वाचता येत नाही म्हणूनच सांगायचे असते. जपानी दरबारातील अनेकांनाही या सूत्राचा अर्थ प्रवचनकारांकडूनच कळत होता. सूत्राच्या अर्पणसमारंभात प्रवचन हा मुख्य भाग असे.

हे किती महत्त्वाचे आहे ते ‘डोळे नसलेले सूत्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुंडाळ्यांवरून कळेल. त्यांत सूत्राच्या अक्षरांखाली दरबारी जीवनाची रेखाचित्रे दिसतात आणि त्यांतील माणसांच्या चेहऱ्यांवर नाकडोळे नाहीत. नुसते चित्र पाहणाऱ्याला ही एखादी विलक्षण कलाशैली वाटेल. समाप्तीलेखावरून, म्हणजे गुंडाळीच्या शेवटी लिहिलेल्या नोंदीवरून, जे समजते ते वेगळे आहे. निवृत्त सम्राट गो-शिराकावा आणि एक भिक्षुणी मिळून एक चित्रकथा तयार करवत होते; ११९२ मध्ये सम्राट वारले, चित्रे अपुरी राहिली, आणि त्या भिक्षुणीने तोच कागद सूत्र लिहिण्यासाठी वापरला. मृताच्या हाताचा स्पर्श झालेल्या कागदावर सूत्र लिहून त्याला पुण्य अर्पण करण्याची रीत जुनी होती. नवव्या शतकात सम्राट सेइवाच्या मृत्यूनंतर त्याच्या एका राणीने त्याची पत्रे पाण्यात भिजवून, त्यांचा लगदा करून नवा कागद बनवला आणि त्यावर सद्धर्मपुंडरीक लिहिले, अशी राजदरबाराच्या इतिवृत्तात नोंद आहे. जुन्या शाईमुळे असा कागद फिकट राखाडी होतो. त्या राखाडी रंगाला पाटीवर ‘पुनर्वापर केलेला कागद’ एवढेच म्हणणे खरे आहे, पण त्यातून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

शितेन्नो-जी मठाच्या पंख्याच्या आकाराच्या पानांबद्दल माझ्या मताविरुद्ध एक मुद्दा निघतो. त्या १२ व्या शतकातील पानांवर सूत्राखाली विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया, बाजार, खेळणारी मुले, पत्र वाचणारे दरबारी आहेत, आणि वर लिहिलेल्या मजकुराशी त्यांचा थेट संबंध दिसत नाही. मग इथे चित्र आणि पाठ वेगळे मानायला काय हरकत आहे? माझ्या मते हरकत आहेच. संबंध वाक्यावाक्याचा नसेल, पण रोजच्या जगावर सूत्राची अक्षरे लिहिणे ही स्वतःच एक कृती आहे, आणि अक्षरे पुसून नुसत्या चित्रांचे छायाचित्र छापले तर ती कृतीच नाहीशी होते. विद्वानांत यावर वाद चालू राहील. तो वाद लोकांसमोर ठेवावा, पण एका बाजूचा निकाल लावून पान नुसते चित्र म्हणून टांगू नये.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांकडे आहे. सूत्राची गुंडाळी वा तुकडा मांडताना दिसणाऱ्या ओळींचा अर्थ पाहणाऱ्याच्या भाषेत द्यावा. संकल्पपत्र वा समाप्तीलेख शिल्लक असेल तर त्यातील अर्पण कोणी, कोणासाठी, कशासाठी केले हे सांगावे, आणि त्या दात्याची संपत्ती कुठून आली हेही. पेटीत एक हात भाग उघडा असला तरी संपूर्ण गुंडाळीची छायाचित्रे आरंभापासून शेवटपर्यंत, कोऱ्या समासांसकट, सर्वांना मोफत पाहता यावीत. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी आपल्या अनेक ठेव्यांबाबत हे करून दाखवले आहे, तेव्हा ते अशक्य नाही. आणि कापलेल्या तुकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट सक्तीची व्हावी: या तुकड्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी आज कुठे आहेत हे माहीत असेल तर पाटीवर लिहावे. निगात्सुदोच्या सूत्राचा एक तुकडा एका शहरात, पुढच्या ओळी दुसऱ्या खंडात, असे असताना प्रत्येक संग्रहालय आपला तुकडा जणू पूर्ण वस्तू असल्यासारखा दाखवते. दोन्ही संग्रहालयांनी एकमेकांची नावे पाटीवर घातली तर पाहणाऱ्याला निदान कळेल की हे वाक्य अर्ध्यावर तोडलेले आहे, आणि पडद्यावर ते जोडून वाचण्याचे काम अभ्यासकांना एका दिवसात सुरू करता येईल. तुकडे परत एकत्र शिवण्याची मागणी मी करत नाही. ज्यांनी ते जपले त्यांच्या मढवण्यालाही आता इतिहास आहे. पण विकत घेणाऱ्या आणि मांडणाऱ्या प्रत्येकाकडे आता त्या सूत्राच्या एका भागाची राखण आली आहे, आणि राखणदाराने उरलेला भाग कुठे आहे हे विचारले पाहिजे.